तापीकाठी तीन रात्री

प्रवासाला निघालेल्या कुटुंबाचा मुक्काम बहुधा दुसऱ्याच्या छपराखाली पडतो. कधी आप्तांचे घर, कधी धर्मशाळा, कधी लॉजमधील खोली. तेथे वडील पैसे मोजतात, नोकर पाणी आणून ठेवतो, आई सामान लावते आणि मुलांना करावयास काही उरत नाही. दोन दिवसांत ती कंटाळतात, तिसऱ्या दिवशी भांडू लागतात, आणि आपण म्हणतो, मुले हल्ली हट्टी झाली आहेत. तंबूतला संसार याहून निराळा. तेथे आणल्यावाचून पाणी नाही, लावल्यावाचून दिवा नाही, आणि मेखा नीट ठोकल्यावाचून डोक्यावर छप्परही नाही. म्हणून ज्यांची मुले आठ ते बारा वर्षांची आहेत, अशा आईबापांनी वर्षातून एकदा तरी चार दिवस तंबूत बिऱ्हाड करावे, असे मला वाटते. आम्ही गेल्या नाताळानंतरच्या सुटीत ते बुऱ्हाणपूरजवळ केले. आमच्या मुलांची वये बारा, दहा आणि आठ.

या वयाविषयी थोडे सांगितले पाहिजे. त्याआधी मूल आईचा पदर सोडीत नाही. त्यानंतर त्याचे मन सोबत्यांकडे ओढ घेते. मधली चार-पाच वर्षे मात्र अशी असतात, की मुलाच्या हातून खरोखरीचे काम होते आणि ते आपल्याबरोबर करावे असे त्याला वाटतेही. या दोन गोष्टी आयुष्यात फार थोडा काळ एकत्र नांदतात. तंबूच्या सहलींचा आधुनिक प्रचारक म्हणून ज्याचे नाव घेतात, तो टॉमस हायराम होल्डिंग हा लंडनचा शिंपी. १८५३ साली, वयाच्या नवव्या वर्षी, तो आईवडिलांबरोबर बैलगाड्यांच्या तांड्यातून अमेरिकेची गवताळ मैदाने ओलांडीत गेला होता. त्या प्रवासाची गोडी त्याला जन्मभर पुरली आणि १९०८ साली त्याने तंबूतील राहणीवर मोठे पुस्तक लिहिले. त्याच्या आदल्याच वर्षी बेडन-पॉवेल यांनी ब्राउनसी बेटावर सुमारे २० मुलांची छावणी भरवून बालवीर चळवळीचा पाया घातला होता. आपल्याकडेही भारत स्काउट्स आणि गाइड्समध्ये दहा वर्षे पुरी झाली की मूल स्काउट होऊ शकते. या वयाचे मोल जाणत्यांनी असे फार पूर्वीच ओळखले आहे.

बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे, परंतु महाराष्ट्राच्या उंबरठ्यावर. मुंबईहून रेल्वेने अंतर सुमारे ५०० किलोमीटर. भुसावळ सोडून गाडी खांडव्याच्या वाटेला लागली की रुळांच्या दोन्ही बाजूंस केळीच्या बागा व कापसाची शेते दिसू लागतात. हे गाव जुन्या खानदेशच्या फारुकी सुलतानांनी इ. स. १४०० च्या सुमारास वसविले आणि सूफी संत बुऱ्हानुद्दीन यांचे नाव त्याला दिले. पुढे ते मोगलांच्या दख्खन सुभ्याचे ठाणे झाले. २००३ सालापासून तो स्वतंत्र जिल्हा आहे. बाजारात हिंदी व उर्दूबरोबर मराठीही सहज कानी पडते, त्यामुळे आपल्या माणसाला परकेपणा वाटत नाही. फारुकींच्या जामा मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला एक संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. तो मुलांना अवश्य दाखवावा.

मुक्कामासाठी आम्ही एका शेतकऱ्याची परवानगी आधीच घेतली होती. विहिरीजवळचा उंचवटा, शेजारी केळीची बाग, आणि थोड्या अंतरावर तापी. नदीची वाळू पाहताच मुलांनी तंबू तेथेच लावण्याचा आग्रह धरला. तेव्हा ते वृद्ध शेतकरी हसून म्हणाले, "पोरांनो, वाळू ही नदीची जागा. ती केव्हा परत मागेल, सांगता येत नाही." मी सांगितले असते तर वाद झाला असता. बाबांचे शब्द मात्र मुलांनी मुकाट्याने ऐकले आणि उंचवट्यावर मेखा ठोकावयास घेतल्या.

कामे वाटून दिली. थोरलीकडे कंदील आणि सामानाची मोजदाद, मधल्याकडे पाणी, धाकट्याकडे मेखा आणि मोगरी. सूर्य मावळण्यापूर्वी तंबू उभा झालाच पाहिजे, हा पहिला नियम. दुसरा नियम असा की ज्याचे काम त्याने करावे. मोठ्यांनी ते पाहावे, पण हातातून काढून घेऊ नये. हा दुसरा नियम पाळणे मुलांपेक्षा आईबापांनाच कठीण जाते. धाकट्याने ठोकलेली मेख तीन वेळा उपटली. चौथ्या वेळी ती तिरपी करून ठोकावी, हे त्याचे त्यालाच उमगले. त्या संध्याकाळी तो जेवावयास बसला तो घरचा कर्ता पुरुष होऊनच.

जेवण साधेच होते: पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि भाकरी. हिवाळ्यातील भरिताची चव खानदेशात आहे तशी अन्यत्र क्वचितच मिळेल. जेवणानंतर विस्तवाभोवती बसलो असता मी मुलांस या भूमीवर पूर्वी पडलेल्या तंबूंच्या गोष्टी सांगितल्या.

मोगल बादशहा वर्षानुवर्षे छावणीत राहत. अकबराच्या छावणीचे वर्णन अबुल फजलने 'आइने अकबरी'त केले आहे. एका मुक्कामाचे सामान वाहावयास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. तंबू उभारणारे फर्राश १,०००, पाणके १००, झाडूवाले १५०. छावणीच्या मध्यभागी ४० गजांहून उंच डोलकाठी १६ दोरांनी ताणून उभी करीत आणि तिच्या टोकावर मोठा दिवा लावीत. त्याला 'आकाशदिया' म्हणत. रात्री वाट चुकलेला शिपाई त्या दिव्याच्या रोखाने आपल्या मुक्कामी परत येई. हे ऐकताच थोरली उठली आणि तिने आपला कंदील तंबूच्या दाराशी बांबूवर उंच बांधला. नाताळात आपण दारावर तारा लावतो, त्याचे तिला स्मरण झाले असावे. त्यानंतर तिन्ही रात्री तो कंदील सांगावा न लागता वेळेवर लागला.

दुसरी गोष्ट इंग्रजांचा वकील सर टॉमस रो याची. १६१५ च्या नोव्हेंबरात सुरतेहून जहांगीराच्या दरबारी जाताना तो बुऱ्हाणपुरास थांबला. त्याला उतरण्यासाठी सराईतील चार खोल्या मिळाल्या. त्या भट्टीसारख्या, आणि भट्टीहून मोठ्या नव्हत्या, असे त्याने लिहून ठेवले आहे. मग तो आपल्या तंबूत राहिला. राजाच्या वकिलाने खोली सोडून तंबू पत्करला, ही गोष्ट मुलांना फारच आवडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुंडी भंडारा पाहिला. लालबाग स्टेशनपासून तो फार दूर नाही. सुमारे १६१५ साली, अब्दुर्रहीम खानखाना येथे सुभेदार असताना, ही भूमिगत पाण्याची व्यवस्था झाली. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी जमिनीखाली ८० फुटांच्या आसपास खोल बोगद्यात अडवून, केवळ उताराच्या बळावर शहराकडे नेलेले आहे. वाटेत ठराविक अंतरावर वर उघडणाऱ्या शंभराहून अधिक कुंड्या आहेत. त्यांतून आत हवा व उजेड जातो आणि लोकांना पाणीही शेंदता येते. मोट नाही, बैल नाही, यंत्र नाही. इराणात अशा कालव्याला 'कनात' म्हणतात, हे कळताच मधल्याने विचारले, "बाबा, कनात म्हणजे तंबूची भिंत ना?" उच्चार एक, अर्थ दोन, परंतु एवढी मोठी छावणी आणि शहर पाण्यावाचून राहत नाही, हे त्या प्रश्नामुळे आमच्या सर्वांच्याच ध्यानात आले. २०२४ साली हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत घेतले गेले.

त्या संध्याकाळी मधल्याने विहिरीवरून आठ कळशा पाणी आणले. आधल्या दिवशी भांडी घासताना त्याने पाणी उताणे केले होते, आज तो आईस म्हणाला, "आधी राखेने घास, मग धू." पाण्याच्या काटकसरीवर घरी दिलेली सारी व्याख्याने एकीकडे आणि आठ कळशांचा भार एकीकडे.

तिसऱ्या दिवशी असीरगड. शहरापासून उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर, खांडव्याच्या रस्त्यावर, सातपुड्याच्या खिंडीवर पहारा करीत हा गड उभा आहे. नर्मदेकडून तापीकडे उतरणारी वाट त्याच्या नजरेखाली असल्यामुळे त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. १६०० साली अकबराने त्याला वेढा घातला आणि १६०१ च्या जानेवारीत तो त्याच्या हाती आला. त्या मोहिमेत बादशहाबरोबर दोन येशूसंघीय होते: संत फ्रान्सिस झेवियर यांच्याच घराण्यातील फादर जेरोम झेवियर आणि ब्रदर बेंतो दे गोइश. गड कसा पडला, याविषयी दोन वृत्तांत आहेत. अबुल फजल म्हणतो, किल्ल्यात रोगराई पसरली होती. येशूसंघीयांच्या पत्रांवरून लिहिलेला वृत्तांत म्हणतो, आतल्या सरदारांना लाच दिली गेली. "मग खरे कोणाचे?" असे मुलांनी विचारले. जिंकलेल्याच्या चाकराने लिहिलेले आणि शेजारच्या तंबूतून पाहणाऱ्याने लिहिलेले, दोन्ही वाचून आपण विचार करावयाचा असतो, एवढेच मी सांगितले. त्या छावणीतून ब्रदर गोइश बादशहाच्या वकिलातीबरोबर गोव्यास गेले. पुढे लाहोर, काबूल आणि मध्य आशिया ओलांडून ते चीनच्या वेशीपर्यंत पोहोचले आणि १६०७ साली तेथेच त्यांनी देह ठेवला.

गडावरून उतरताना धाकट्याचे पाय दुखू लागले. तो रडला नाही. थोरलीने त्याची पिशवी घेतली आणि मधला त्याच्या पुढे चालू लागला. घरी हीच तीन मुले एका खुर्चीसाठी भांडतात.

परतताना आम्ही तापीपलीकडे जैनाबादेस गेलो. येथील आहूखाना ही मोगलांची शिकारीची व विश्रांतीची बाग. आता पडक्या भिंती व कोरडा हौद एवढेच उरले आहे. परंतु या जागेवर जी कथा घडली, ती सांगितल्यावाचून बुऱ्हाणपूर पुरे होत नाही.

शहाजहानची राणी मुमताज महल नवऱ्याच्या प्रत्येक स्वारीत त्याच्याबरोबर असे. तिची मुले वाटेवरच वाढली. औरंगजेबाचा जन्म १६१८ साली प्रवासात, दोहद येथे झाला. आजोबा जहांगीराविरुद्ध बापाने केलेले बंड फसले तेव्हा, १६२६ साली, अकरा वर्षांचा दारा आणि सात वर्षांचा औरंगजेब यांस ओलीस म्हणून आजोबांच्या दरबारी जावे लागले. १६३० साली दख्खनच्या मोहिमेसाठी सारे कुटुंब बुऱ्हाणपुरास आले. १६३१ च्या जून महिन्यात चौदाव्या बाळंतपणात मुमताज येथेच वारली. तिचे वय ३८ होते. चौदांपैकी सात मुले जगली. थोरली जहाँआरा तेव्हा सतरा वर्षांची. राजवाड्यातील संसाराचा भार तिच्यावर आला. औरंगजेब बारा वर्षांचा होता आणि मुराद अवघा सहा. राणीस प्रथम या जैनाबादच्या बागेत पुरले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात शव आग्र्यास नेले. ताजमहाल जगाला ठाऊक आहे. तिचे पहिले दफन येथे झाले, हे थोड्यांना ठाऊक आहे.

थोरली फार वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "तो माझ्याएवढाच होता ना?" मी होय म्हणालो. तोच मुलगा पन्नास वर्षांनी, १६८१ साली, बादशहा होऊन बुऱ्हाणपुरास परतला. त्यापूर्वी थोड्याच महिन्यांमागे संभाजीराजांच्या फौजेने शहराबाहेरची पेठ लुटली होती. औरंगजेब त्यानंतर उत्तरेस कधी गेला नाही. आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे त्याने दख्खनच्या छावण्यांत काढली आणि १७०७ साली अहमदनगरास देह ठेवला. हत्तीवरून तंबू वाहणाऱ्या त्या कुटुंबात पुढे भावाने भावाचा जीव घेतला. एका छताखाली वाढले म्हणजे भाऊपण आपोआप येते, असे नाही.

आणि याच वर्षी राजवाड्याबाहेर काय चालले होते? १६३० पासून गुजरात व दख्खनात भीषण दुष्काळ होता. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३० च्या अखेरीस सुरतेहून आग्र्यास जाताना याच वाटेने गेला. रस्त्याच्या कडेने प्रेतांचे ढीग पडलेले त्याने पाहिले. घरदार सोडून अन्नाच्या शोधात निघालेली कुटुंबे उघड्यावरच राहत होती आणि उघड्यावरच मरत होती. बादशहाने बुऱ्हाणपुरात लंगर उघडले. दर सोमवारी ५,००० रुपये, असे वीस आठवडे वाटल्याची नोंद दरबारी इतिहासात आहे. एवढ्या मोठ्या आपत्तीपुढे ते किती पुरले असेल, याचा वाचकांनीच विचार करावा.

हे ऐकल्यावर मुलांना एक गोष्ट कळली: तंबूत राहणे ही आपल्यासाठी मौज आहे, कारण परतावयास घर आहे. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सतराव्या शतकात या मुलुखातून अनेकदा गेला. बैलांच्या तांड्यांवर धान्य वाहणारे लोक कधी घरात राहत नाहीत, बायकामुले घेऊन जन्मभर तंबूतच फिरतात, असे त्याने लिहिले आहे. ती गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही. आजही आपल्या महाराष्ट्रात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी हजारो कुटुंबे गाव सोडतात आणि कारखान्यांच्या परिसरात पाचटाच्या कोप्यांत चार-पाच महिने काढतात. त्यांच्याबरोबर आठ, दहा, बारा वर्षांची मुले असतात. तीही पाणी आणतात, चूल पेटवतात, धाकट्यांना सांभाळतात. आमच्या मधल्याने तीन दिवस मोठ्या अभिमानाने केलेले काम ती मुले शाळेच्या किमतीवर करतात. या सहलीत मुलांना मी जे दाखवू शकलो त्यात हे सर्वांत मोलाचे, असे मला वाटते. कारण ते त्यांना त्यांच्या स्वतःच्या दुखऱ्या खांद्यांवरून कळले.

अखेरच्या रात्री आकाश स्वच्छ होते. पूर्वेकडून मृग वर आला, त्याच्यामागून व्याध आणि डोक्यावर कृत्तिकांचा पुंजका. शहरातल्या दिव्यांत हे मुलांनी कधी नीट पाहिले नव्हते. थंडी बरीच होती. पाचही जण एका सतरंजीवर, दोन गोधड्यांत बसलो. कोणी फारसे बोलत नव्हते.

ज्यांना अशी सहल करावयाची असेल त्यांच्यासाठी चार शब्द. बुऱ्हाणपूरकडे डिसेंबर किंवा जानेवारीत जावे. उन्हाळा तेथे अतिशय कडक असतो. तंबू खाजगी जमिनीत, मालकाच्या परवानगीनेच लावावा. सातपुड्याच्या जंगलात वनखात्याच्या संमतीवाचून मुक्काम करू नये, आणि गड-किल्ल्यांवर रात्री राहण्याचा विचारही नको. नदीच्या पात्रात, एकट्या मोठ्या झाडाखाली किंवा पेटत्या विस्तवाच्या जवळ तंबू नसावा. तंबूच्या आत तर विस्तव किंवा शेगडी मुळीच नको. बूट सकाळी झटकून घालावे, पाणी उकळून प्यावे. सामान थोडे न्यावे. शहरातली मावा-जिलेबी आणि दराबा मात्र चाखल्याशिवाय येऊ नये. निघताना मेखांची भोके बुजवावी, राख विझवून पुरावी आणि जागा होती तशी करून मालकाच्या स्वाधीन करावी. हे शेवटचे काम मुलांकडेच द्यावे.

मुख्य गोष्ट पैशाची नाही. राहुटी उसनी मिळते, मैदान आपल्याच गावच्या शिवारात असते. जे उसने मिळत नाही ते म्हणजे मुलाचे वय. आमची थोरली पुढल्या वर्षी तेरा पुरी करील. तिच्या मैत्रिणींची वेगळी सहल आतापासूनच ठरते आहे, आणि ते योग्यच आहे. ज्यांच्या घरी दहा वर्षांचे मूल आहे, त्यांनी येत्या हिवाळ्यासाठी चार दिवस आजच राखून ठेवावेत.